जावईबापूंचा झोक

१८ जानेवारी १९७१, सोमवार

आला एकदाचा! दुपारी दारासमोर पिकअप थांबली. मागे लष्कराच्या लिलावातला हिरवा दोनचाकी ट्रेलर, आणि ट्रेलरात जर्सी वळू. तोंडाला फेस, चारी पाय फाकलेले, डोळे पांढरे. बोट लागलेल्या माणसासारखा!

ड्रायव्हर गोरक्षनाथ त्याहून वाईट. उतरला तो थेट आमच्या ओट्यावर बसला. "मावशी, आदी पानी द्या. करंजीच्या घाटात ह्यो ट्रेलर गाडीच्या फुडं जायाला बगत हुता!"

मागचा ट्रेलर पुढे कसा जाईल? विचारलं. त्याने हातानेच दाखवलं, डावीकडे झोक, उजवीकडे झोक, मग पुन्हा डावीकडे. बघूनच मला गरगरलं.

शाम मात्र वळूभोवती प्रदक्षिणा घालत होता. नाक बघितलं, खूर बघितले, पाठीवरून हात फिरवला. जनावरांचा डॉक्टर झाल्याच्या दिवशीसुद्धा एवढा खूश नव्हता. आता म्हणे तिसगावच्या आसपासच्या सगळ्या गाई सुधारणार. वळू गावोगाव न्यायचा, फुकट. गाई हंडा-हंडा दूध देणार.

सरकारी कागदात वळूला नुसता नंबर आहे. मी नाव ठेवलं — जावईबापू. गावोगाव मानाने उतरायचं, पेंड-गूळ खायचा, मनात आलं तर काम करायचं, नाहीतर रुसायचं. दुसरं काय नाव देणार?

शाम म्हणाला, "आई, रिपोर्टात असलं काही यायला नको हं."

रिपोर्टात नाही येणार. इथे येईल.

२० जानेवारी

नाव गावभर झालं. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त झुंबरबाईला सांगितलं.

झुंबरबाई म्हणजे समोरचं घर. थोडी बाजरीची जमीन, एक पांढरी गाय, आणि जीभ अशी की अख्ख्या तिसगावाला पुरून उरावी. मी नगरहून इथे शामकडे राहायला आले, त्या दिवशी दारात येऊन म्हणाली होती, "बाई, तुमी लई गप दिसता. आमच्यात असं चालत न्हाई." मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. मला गप म्हणणारी ही पहिलीच.

पण तेव्हा होते खरी गप. ह्यांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. असो.

२३ जानेवारी

पहिली स्वारी. फजिती!

पिकअपच्या हौद्यात औषधांच्या पेट्या, कडबा, शामचा कंपाउंडर. ट्रेलरात जावईबापू. शामने त्यांना पार मागच्या फळीला टेकवून बांधलं होतं. कारण काय, तर पिकअपच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर भार नको. सडकेला लागून गोरक्षनाथने जरा वेग दिला तशी ट्रेलरची झिंग सुरू. तो डावीकडे, मग उजवीकडे, आणि त्याच्या पाठोपाठ पिकअपचं मागचं अंगही. ब्रेक दाबला तर आणखी जोरात. शेवटी नुसता पाय काढून गाडी आपोआप थांबू दिली.

गावात पोचले तेव्हा सगळे गाई घेऊन उभे. जावईबापू खाली उतरले, दोन पावलं चालले आणि मटकन बसले. तासभर बसले. गावकरी चहा पिऊन घरी गेले.

गोरक्षनाथ म्हणतो, "गाडी उलार व्हती, डागदर." उलार म्हणजे बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. इथेही तेच — मागे वजन, म्हणून ट्रेलरची दांडी पिकअपचा हूक वर उचलू बघते. मागची चाकं जमीन धरत नाहीत.

शाम म्हणाला, "ही बैलगाडी नाही."

"मंग ही काय हाय?" गोरक्षनाथ म्हणाला.

२७ जानेवारी

आज गोरक्षनाथच्या मनासारखं झालं. जावईबापू अगदी पुढे, दांडीकडच्या फळीला नाक लावून. वर पाण्याचं पिंपही पुढे, पेंडीचं पोतंही पुढे. "आता बगा कशी उलार व्हतीय ती!"

नाही झाली उलार. पिकअप मागून बसली, पुढून उठली. बोनेट आभाळाकडे! तशीच निघाली डुलत. झोके मात्र बंद, ते खरं. गोरक्षनाथ मिशीला पीळ देत होता म्हणे.

मग वळण आलं. त्याने चाक फिरवलं. गाडी वळली नाही! पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती, धरत नव्हती. सरळ सहादेवच्या ज्वारीत. कणसं आलेली ज्वारी!

बाहेर येताना मागचा हूक वाकला. त्याची लोखंडी पट्टी पापडासारखी दुमडली.

सहादेवला आधीच हा वळू डोळ्यांत सलतो. गावचा वळू त्याचा. पांढराशुभ्र, हे एवढं वशिंड, त्यावर सहादेवचा केवढा जीव! तो बांधावर येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. "आमचा वळू पायी जातो वो डागदर. त्येला मोटार लागत न्हाई."

घरी हे ऐकताना मला इतकं हसू आलं की आत जाऊन पदर तोंडात कोंबावा लागला. पण शाम जेवला नाही. ताट सरकवलं. मग माझंही हसू गेलं.

४ फेब्रुवारी

आणखी दोन गावं. दर वेळी वेगळा प्रयोग, दर वेळी जावईबापू आजारी. एका गावात एक म्हातारा विचारतो, "ह्येला काय संन्यास दिलाय का?"

७ फेब्रुवारी

नगरहून साहेब आले. वाकलेला हूक बघितला, जावईबापूंना बघितलं, शामला बघितलं. माणूस वाईट नाही. स्वच्छ बोलला. "पाडव्यापर्यंत बघू. नाहीतर वळू दुसऱ्या तालुक्याला पाठवावा लागेल. तिथे वाट बघताहेत."

शाम "बरं" म्हणाला. नुसतं "बरं". ह्यांचंच वळण. हेही असंच "बरं" म्हणायचे आणि रात्रभर कूस बदलायचे.

९ फेब्रुवारी

पुणतांब्याला भाऊकडे जायचं ठरवलं. इथे मी काय करतेय? भाकऱ्या थापते. त्या कंपाउंडरलाही येतात. शाम दिवसभर बाहेर, आला की गप्प. दोन गप्प माणसांनी एका घरात बसून काय करायचं? तिथे निदान गोदावरी आहे. घाटावर जाऊन बसेन.

शामला सांगितलं. तोच "बरं".

जावईबापूंची तेवढी सवय झाली होती. सकाळी भाकरीचा तुकडा घ्यायला मान पुढे करायचे.

१० फेब्रुवारी

ट्रंक भरून दारात ठेवली होती. पातळ बदलत होते. बाहेर जरा गडबड — झुंबरबाईची गाय माजावर आली, ती घेऊन आली होती. मी म्हटलं, चालू दे. त्या बिचाऱ्या वळूची शेवटची शोभा मला नको बघायला.

तेवढ्यात झुंबरबाईच धावत आत. "बाई, झालं की वो! झालं! जावईबापूंनी मनावर घेतलं!"

मी तशीच बाहेर. जावईबापू कडबा खात होते, जसं काही झालंच नाही. गोरक्षनाथ लिंबाच्या शेंड्याकडे टक लावून बघत होता. शाम हौदावर हात धूत होता, कान लाल.

"खरंच रे?"

त्याने मान हलवली. लाजला असावा. आईसमोर असल्या गोष्टी!

मी गुळाचा खडा आणून जावईबापूंच्या तोंडात घातला. अहो, मग येतं ना तुम्हाला! म्हणजे दोष यांचा नाहीच. दोष ट्रेलरचा. आज ट्रेलरात बसवलं नव्हतं, दारातच होते, तर जमलं. पोटातलं पाणी हलवत नेलं तर कुठल्या जावयाला सासुरवाडीत सुचेल?

म्हणजे ट्रेलर सुधारला की झालं! ट्रंक आत नेली. भाऊला कार्ड टाकते, पाडव्यानंतर येईन म्हणून.

११ फेब्रुवारी

दिवसभर विचार. मागे ठेवला तर झोके. पुढे ठेवला तर गाडी वळत नाही, हूक वाकतो. शाम चूक, गोरक्षनाथही चूक. दोघे अर्धे-अर्धे बरोबर! मधे कुठेतरी खरी जागा असणार. चाकांच्या जरा पुढे. पण जरा म्हणजे किती?

शामला म्हटलं, हुकावर किती वजन पडतं ते मोजलंय का कुणी? तो माझ्याकडे बघतच राहिला. वळूचं वजन माहीत, ट्रेलरचं माहीत, हूक किती दाबला जातो ते नाही माहीत! तोच तर बिचारा वाकला.

मग उठला आणि ट्रेलरबरोबरच लष्कराकडून आलेल्या त्या वाकलेल्या हुकावरचा रंग चाकूने खरवडत बसला. खाली पितळी पट्टी निघाली. लष्कराची अक्षरं. दोनशे पौंड. म्हणजे नव्वद किलो. याहून जास्त भार घालायचा नाही. ही मर्यादा तिथेच होती, हिरव्या रंगाखाली!

गेल्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या त्याने.

१४ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा!

आडत दुकानातून टांगता काटा आणला. लिंबाच्या फांदीला बांधला, खाली ट्रेलरची दांडी अडकवली. आता वळू चढवायचा. पण जावईबापू ट्रेलर बघूनच मागे सरले. अजिबात नाही! मग काय करायचं?

मी म्हटलं, वळू नाही तर नाही. वळूच्या वजनाचे पुरुष आणा.

बाजाराचा दिवस, माणसांना तोटा नव्हता. सहा धडधाकट बाप्ये ट्रेलरात चढवले. गोरक्षनाथही त्यांत. आणि गंमत म्हणजे सहादेवही! "बगू तरी" म्हणत चढला. मी समोर उभी. तीस वर्षांची कवायत अंगात आली.

"सावधान! सगळे मागे — चल!"

सगळे मागच्या फळीला. शाम दांडी धरून उभा होता, ती फट्‌दिशी वर. दांडीबरोबर शामही वर! पाय लोंबकळताहेत, काटा मोकळा, आणि डॉक्टरसाहेब हवेत. बायका हसून हसून जमिनीवर बसल्या.

"पुढे — चल!" दांडी खाली, शाम खाली, काटा करकरला. दीडशेच्या पुढे गेला. ज्वारीत गाडी शिरली ती याच वजनाने!

"एक पाऊल मागे!" — शंभर.

"अर्धं पाऊल मागे! सहादेव, अर्धं म्हटलं मी!" — सत्तरच्या आसपास.

ही गोष्ट मोठी नामी. सहा माणसं एक पाऊल सरकली की हुकावर अर्ध्या क्विंटलचा फरक! म्हणजे जावईबापूंनी नुसता एक पाय मागेपुढे टाकला तरी पिकअपचा सगळा स्वभाव बदलतो. आणि आम्ही त्यांना सैल दोरीने बांधत होतो!

झुंबरबाई ओरडली, "सहा नवरं मिळून एक वळू व्हतोय गं बायांनो!"

सहादेव उतरताना मला म्हणाला, "बाई, आमच्या वळूला मास्तर न्हवता, न्हाईतर त्योबी मोटारीत गेला असता." तोंड गंभीर. पण डोळे नव्हते गंभीर.

१६ फेब्रुवारी

लोहाराने हूक सरळ केला, खालून जाड पट्टी दिली. शाम म्हणाला, पट्टी जाड झाली म्हणून मर्यादा वाढली असं समजायचं नाही. नव्वद म्हणजे नव्वद.

ट्रेलरात दोन आडवे लाकडी दांडे बसवले. एक जावईबापूंच्या छातीपुढे, एक ढुंगणामागे. दोन्हीकडून आखूड दोर. पुढे सरकता येत नाही, मागे रेलता येत नाही. पिंप आणि पेंड बरोबर चाकांच्या वर, त्यांचा भार ना पुढे ना मागे.

जावईबापू गुळाच्या लालचीने चढले एकदाचे.

आधी हुकावर चाळीस किलो ठेवून सडकेने फिरवलं. हळू असेपर्यंत ठीक, वेग आला की शेपटाकडून डुलायला लागला. मग दांडे वीतभर पुढे घेतले. सत्तर. गाडी वळते नीट, पुढची चाकं जमीन धरतात, ट्रेलर मुकाट मागून येतो. शामचा हिशेब — ट्रेलर, वळू, सगळं मिळून सात क्विंटल, त्याचा साधारण दहावा हिस्सा हुकावर. कमी नको, फार जास्त नको.

स्वयंपाकातही असंच असतं. पण ते बोलले नाही. त्याला स्वतःचा शोध वाटत होता, वाटू दे.

१९ फेब्रुवारी

आज मी एक गुन्हा केला. इथेच कबूल.

गोरक्षनाथ फार शेखी मिरवायला लागलाय. "आता म्या डोळं झाकून चालवीन मावशी!" म्हटलं, बघू या. जावईबापू घरीच होते, ट्रेलरात नुसतं पाण्याने भरलेलं पिंप आणि दगडगोटे. तो पान खायला गेला तेव्हा मी आणि झुंबरबाईने पिंप ढकलत ढकलत पार मागच्या फळीशी नेलं. मग मी पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले, साळसूद.

ओढ्यापर्यंत गेलो नसू. त्याने पाय काढला, गाडी थांबवली, माझ्याकडे बघितलं.

"मावशी, काय हलवलं?"

"मी? मी काय हलवणार? माझं वय बघ!"

उतरून मागे गेला. पिंप बघितलं. परत आला. "मावशी, तुमच्या शाळंतल्या पोरी लई सोसल्या असत्याल."

पास झाला. सांगितलं नाही त्याला.

२ मार्च

निवडणुकीसाठी पिकअप गेली. जावईबापू दारात. सकाळी भाकरी, संध्याकाळी झुंबरबाईच्या गप्पा. शाम संध्याकाळी ओट्यावर बसतो आमच्यात. बसतो, हसतो.

१५ मार्च

पिकअप परत आल्यापासून जावईबापूंची घोडदौड! गाडीतून उतरतात ते ताजेतवाने, आजूबाजूला बघत. चार गावं झाली, चारही गावांत काम फत्ते. आज तर मी स्वतः गेले होते (लांब झाडाखाली पाठ करून बसले, तो भाग वेगळा). 'संन्यास दिलाय का' म्हणणारा तो म्हातारा, त्यानेच पहिली गाय आणली.

आणि सगळ्यांत गंमत! काल दिवस मावळताना सहादेव आपली तांबडी गाय घेऊन मागच्या बोळातून आला. म्हणाला, "कुनाला सांगू नका." मी म्हटलं, मी कुणालाच सांगत नाही.

झुंबरबाईला सांगितलं.

२३ मार्च

साहेबांनी जावईबापूंना नगरला बोलावलं होतं, जनावरांच्या प्रदर्शनाला. मीही गेले. नगरचं घर उघडलं, झाडलं, पुन्हा कुलूप लावलं. फार वेळ थांबले नाही.

परत निघताना साहेब म्हणाले, मीच येतो तुमच्याबरोबर, घाट उतरताना बघतो काय ते. पाडवा चार दिवसांवर!

निघायच्या वेळी साहेबांच्या शिपायाने सरकीच्या पेंडीची दोन पोती आणून ट्रेलरच्या अगदी शेवटी टाकली. "मागं जागा रिकामीच हाय."

मी म्हटलं, "ती चाकांवर ठेवा. तिथे नको."

साहेब हसले. "असू द्या हो आई. दोन पोत्यांनी काय होतंय?"

शाम तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. सांगून कळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि ही वेगळी.

पुढे तिघं दाटीने — गोरक्षनाथ, साहेब, मी. शाम मागे हौद्यात. भिंगार मागे पडलं. सरळ, मोकळी सडक. मी गोरक्षनाथला म्हटलं, "जरा उशीर होतोय नाही का रे?" तो पठ्ठ्या समजला. वेग दिला. थोडासाच, जास्त नाही.

आणि आला झोक! डावीकडे, उजवीकडे. साहेबांनी एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने माझा हात. मागून शाम ओरडला. गोरक्षनाथने ब्रेकला हात — म्हणजे पाय — लावला नाही, नुसता वेग सोडला, चाक सरळ धरलं. गाडी मवाळ झाली, थांबली.

साहेब खाली उतरले. मग कोट काढून माझ्याकडे दिला आणि स्वतः दोन्ही पोती ओढून चाकांवर आणली. शाम मदतीला गेला तर म्हणाले, "राहू दे. माझीच आहेत."

घाटात संध्याकाळचं ऊन. गोरक्षनाथ पहिल्याच उतारापासून हळू. गिअरवरच उतरवत होता. मधल्या वळणावर समोरून उसाचा ट्रक, अंगावरच! कचकन ब्रेक. मागे धप्प झालं — जावईबापूंची छाती पुढच्या दांड्यावर. माझे डोळे मिटले. ट्रेलर डोईवर येणार, असंच वाटलं.

आला नाही. दांडा टिकला, हूक टिकला, ट्रेलर पिकअपच्या मागे सरळ रेषेत उभा. ट्रक पुढे गेला. खाली दरी दिसत होती, त्यात कुणाचा तरी धूर. आता लिहितानाही अक्षर वाकडं येतंय. मगाचचा पोत्यांचा खेळ सडकेवर केला ते ठीक. इथे पोती मागे असती तर? पुन्हा असा वाह्यातपणा करणार नाही. वळू असताना तरी.

करंजीत चहाला थांबलो. साहेबांनी दोन कप घेतले. म्हणाले, "देशपांडे, वळू तुमच्याकडेच राहू दे. आणि ते दांडे कसे बसवलेत, त्याचं चित्र काढून पाठवा मला."

शाम "बरं" म्हणाला. पण हे "बरं" वेगळं होतं.

२७ मार्च

पाडवा. भाऊला कार्ड टाकलं, उन्हाळ्यानंतर बघू.

१२ मे

शामने झुंबरबाईची गाय तपासली. गाभण! गल्लीत माझी मिरवणूक काढायची बाकी होती. जावईबापूंचं पहिलं लेकरू आमच्या समोरच्या गोठ्यात!

झुंबरबाई म्हणाली, "व्हय बाई, जावईबापूंची किरपा," आणि ठसका लागला तिला.

८ जुलै

पाऊस नावालाच. तरी आणखी पंधरा-वीस गाई गाभण. सहादेवची तांबडीही. तो अजून "कुनाला सांगू नका" म्हणतो. आता त्याला कोण सांगणार की गावात फक्त त्यालाच माहीत नाही की सगळ्यांना माहीत आहे!

३० सप्टेंबर

दसरा. जावईबापूंच्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात झेंडू. ट्रेलरलाही. मी गोरक्षनाथच्या टोपीलाही एक फूल खोचलं, त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

६ नोव्हेंबर

झुंबरबाईची गाय आठ-पंधरा दिवसांवर आली. मी नावं काढून ठेवलीत. साहेबांनाही कळवावं म्हटलं, फोटो काढायला येतील. शाम म्हणाला, "घाई नको आई." फार सावध झालाय.

१९ नोव्हेंबर

सकाळी व्याली. गोऱ्हा. मी गुळाची ढेप घेऊन पळत गेले, गोठ्यात ही गर्दी. वाकून बघितलं — पांढरा, लांब कान, आणि पाठीवर वशिंडाचा उंचवटा! जर्सीला वशिंड नसतं, एवढं मलाही कळतं आता. कपाळापासून खुरापर्यंत सहादेवचा वळू!

मी शामकडे बघितलं. वाटलं, आता हा कोसळणार. तो हसत होता. गोरक्षनाथ छपराकडे बघत होता.

"त्या दिवशी जावईबापूंनी ढुंकूनही बघितलं नव्हतं, आई. संध्याकाळी गाय सहादेवकडे नेली. रिपोर्टात मी ते लिहिलंच नाही कधी."

"मग मला झालं म्हणून कशाला सांगितलंत?"

झुंबरबाईच म्हणाली, गोऱ्ह्याचं अंग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

"वळू ऱ्हाईला काय अन् गेला काय, बाई! तुमी चालल्या हुत्या."